चवथीपर्यंत घुमट

४ मे २०२५, रविवार

प्रकल्प: घुमट (गोव्यात आरतीला वाजवतात ते मातीचं वाद्य) वाजवायला शिकणं. मुदत: २७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी. हातात ११५ दिवस. उद्दिष्ट: सावई-वेऱ्याच्या मूळ घरी पहिल्या रात्रीच्या पाच आरत्या, मध्ये न थांबता.

हे असं लिहायला मी ऑफिसात एजंटांना लावते. काय, किती, कधीपर्यंत. विमा कंपनीत विकास अधिकारी आहे. दर सोमवारी सकाळी पणजीत तीसेक माणसांसमोर उभं राहून त्यांना ‘मोटिव्हेट’ करणं हे माझ्या कामातच येतं. सोळा वर्षं दुसऱ्यांना पाजलेलं औषध स्वतः कधी चाखलं नव्हतं.

कारण आजच लिहून ठेवते, पुढे रंगवून सांगायची सवय लागते. गेल्या चवथीला आरतीला दोनच घुमटं होती. तिसरं बाकाखाली पडून होतं. ते वाजवणारा माझा चुलत दीर पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला गेला, तिथे गोदामात काम करतो. काका म्हणाले, “आता हे कोण वाजवणार?” मी पटकन बोलून गेले, “पुढच्या वर्षी मी वाजवते.” सगळे हसले. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, हसल्या नाहीत. त्यांचं लक्ष कढईतल्या नेवऱ्यांकडे, म्हणजे करंज्यांकडे होतं.

आमच्या घरात बायकांनी घुमट कधी धरलं नाही. मनाई कुणी केली नव्हती, विषयच निघाला नव्हता. गोव्यात आता बायकांची घुमट आरतीची पथकं आहेत, स्पर्धेतही उतरतात, पण ते आपलं दुसऱ्यांच्या घरचं.

तर मग कशासाठी? हसणाऱ्यांना दाखवून द्यायला, की तो आवाज आवडतो म्हणून? दोन्ही. आज तरी पहिलंच जास्त.

११ मे

डिचोलीला कुंभाराकडे. पडवीत दहा-बारा घुमटं ओळीने मांडलेली. दोन तोंडांचं मातीचं मडकं: एक तोंड रुंद, त्यावर कातडं ताणून बांधलेलं, दुसरं निमुळतं, उघडं. उजव्या हाताची बोटं कातड्यावर चालतात, डावा तळवा उघड्या तोंडावर. तळवा झाकला की आवाज कोंडतो, काढला की सुटतो.

पूर्वी कातडं घोरपडीचं असायचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली घोरपड मारणं गुन्हा आहे, त्यामुळे आता बकरीचं. २०१९ मध्ये सरकारने घुमट हे गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. काकांच्या मते घोरपडीची सर बकरीला नाही, पण काकांच्या मते आताच्या कशालाच जुन्याची सर नाही.

कुंभाराने प्रत्येक मडकं बोटाच्या पेराने ठोकून ऐकवलं. मला सगळी सारखीच वाटली. शेवटी त्यानेच निवडून दिलं.

१३ मे

वेळापत्रक: सकाळी सहा ते साडेसहा. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रोज लाल फुली. यजमानांनी जाहीर केलं, “पाचही आरत्या वाजवल्यास तर मोत्यांच्या कुड्या.” मुलगी म्हणाली, “आईने एवढं वाजवलं तर आम्हांला पण काहीतरी द्या.”

अंगात भलताच हुरूप. आज पन्नास मिनिटं.

२२ मे

दहा दिवस, दहा फुल्या. पण पाऊस यंदा मे महिन्यातच येऊन बसला आणि दारं-खिडक्या बंद करूनही आवाज जायचा तिथे जातोच. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त गृहस्थांनी जिन्यात थांबवलं. अगदी सभ्यपणे. “सकाळी सहाला जरा...”

उपाय: घुमटाच्या उघड्या तोंडात जुना टॉवेल कोंबला. आवाज बसला. फोंड्यात फ्लॅट घेताना पार्किंग बघितलं, पाणी बघितलं, घुमटाचा विचार कोण करतो?

८ जून

सावईला. काकांकडे पहिला धडा. मोठ्या आत्मविश्वासाने वाजवून दाखवलं. काका ऐकत राहिले, मग माझा डावा हात धरून म्हणाले, “हो काम करीना मगो.”

हा हात कामच करत नाही, म्हणजे. बरोबरच होतं. दोन आठवड्यांवर टॉवेल कोंबून वाजवलं, डाव्या हाताला करायला काही उरलंच नव्हतं. उजवी बोटं पळतायत आणि डावा हात नुसता मडकं सांभाळतोय, हमालासारखा. घुमटाचा ‘धूं’ निघतो तो डाव्या तळव्यातून, आणि तोच मी इतके दिवस बंद करून ठेवला होता.

फुल्या मात्र सव्वीस झाल्या होत्या.

आमच्याकडचं एक सांगायला हवं: घरात बोलणं कोकणी, वहीत लिहिणं मराठी, आणि आरत्याही मराठीच. काका शिकवतात कोकणीत, अडले की आरतीचा चरण म्हणतात.

२४ जून

नऊ दिवस घुमटाला हात नाही. तिमाही अखेर, टार्गेट. घुमट कपाटावर.

२९ जून

एक कबुली. कालनिर्णयवरच्या जूनमधल्या निदान सहा फुल्या खोट्या आहेत.

खोट्या म्हणजे अगदीच खोट्या नाहीत. बाणस्तारीच्या पुलाच्या अलीकडे गाडी अडकली की स्टिअरिंगवर बोटं वाजवायची आणि घरी आल्यावर फुली मारायची. एकदा तर रात्री अकराला उठून, झोपेत, दोन मिनिटं वाजवून फुली मारली आणि परत झोपले. फुली चुकू नये हाच प्रकल्प होऊन बसला. मग पंधरा तारखेला खरोखरच चुकली, साखळी तुटली, आणि तुटलीच आहे तर उद्यापासून, असं म्हणत नऊ दिवस गेले.

हे मला ओळखीचं आहे. एजंट मार्चअखेरीला मेहुण्याच्या नावावर पॉलिसी काढतात, आकडा भरतो, पुढच्या वर्षी हप्ता थकतो. त्यांना मी बोलते. आता कुठल्या तोंडाने बोलू?

रात्री बसून वाचलं. स्लाइडवर मी वर्षानुवर्षं लिहीत आले आहे: ‘२१ दिवसांत सवय लागते’. हा आकडा १९६० सालच्या एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या पुस्तकातून फिरत आलाय. रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान तीन आठवडे लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर बारा आठवडे प्रत्यक्ष पाहणी केली, २००९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. सवय अंगवळणी पडायला लागलेले दिवस: मधला आकडा ६६, पण कुणाला १८, तर कुणाचा हिशेब २५४ पर्यंत जाणारा. आणि त्यातलं मला सगळ्यात उपयोगी पडलेलं वाक्य असं की, एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही. म्हणजे पंधरा तारखेने माझं काही नुकसान केलं नव्हतं. केलं ते मी सोळापासून.

दुसरं वाचलं ते कुड्यांबद्दलचं. म्हणजे तिथे कुड्या नव्हत्या. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत आधीपासूनच आवडीने चित्रं काढणारी मुलं निवडली. काहींना सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि लाल फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. मिळालं. एक-दोन आठवड्यांनी तेच स्केचपेन पुन्हा वर्गात ठेवले, तेव्हा बक्षिसाच्या कबुलीवर काढलेल्या मुलांनी चित्रांना इतरांच्या साधारण निम्माच वेळ दिला. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं होतं, त्यांचं काही बिघडलं नाही. बिघडवलं ते आधी ठरलेल्या सौद्याने.

यजमानांना म्हटलं, कुड्या रद्द. ते इतक्या चटकन ‘बरं’ म्हणाले की, संशय आला.

कालनिर्णय भिंतीवरून काढलं नाही, त्यात दुधाचा हिशेब असतो. लाल पेन मुलीला दिलं.

१३ जुलै

नवी व्यवस्था. पहाटेचा नाद सोडला, मी पहाटेची माणूस नाहीच. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात मांडलेली ‘जर-तर’ची युक्ती मला ऑफिसमुळे माहीत होती, पण आम्ही ती फक्त फोन करण्यासाठी वापरत होतो. ‘रोज सराव करीन’ हा नुसता संकल्प. ‘अमुक झालं की तमुक करीन’ ही गाठ. वेळ ठरवायची नाही, घटना ठरवायची.

माझी घटना: संध्याकाळी गॅसवर दूध ठेवलं की घुमट घ्यायचं. मंद आचेवर लिटरभर दूध वर यायला बारा-तेरा मिनिटं लागतात, आणि त्या वेळात मी एरवी फोन बघत उभी असते. घुमट कपाटावरून खाली आणलं आणि ओट्याशेजारी, पिठाच्या डब्यावर ठेवलं. टॉवेल काढला. खालच्या गृहस्थांना विचारून आले, संध्याकाळी सातला चालेल का? ते म्हणाले, “सातला बातम्या असतात.” मग साडेसात.

आठवड्यात दोनदा दूध उतू गेलं. म्हणजे दोनदा वाजवताना दुधाचं भान राहिलं नाही. मला ही प्रगतीच वाटते. ओटा पुसणाऱ्या मुलीला वाटत नाही.

एक निरीक्षण, अजून पक्कं नाही. सोमवारच्या भाषणात मी सांगते की, आधी आतून इच्छा पेटली पाहिजे. या आठवड्यात सातही दिवस घुमट उचलताना इच्छा शून्य होती. दमलेली असते, चपाती व्हायची असते. चौथ्या-पाचव्या मिनिटाला तळवा आणि बोटं जुळली, ‘धूं’ पोकळ न येता भरून आला की मग ती येते. हुरूप मागून येतो. निदान माझा तरी.

२१ जुलै

काल फाटलं.

हवेत एवढा दमटपणा की, कातडं ढिलं पडून ‘थप थप’ असा ओल्या पुठ्ठ्याचा आवाज येत होता. काकांनी सांगितलं होतं, चुलीच्या धगीवर लांबून फिरवायचं, ऊब लागली की ताणतं. आमच्याकडे चूल कुठली? गॅसवर धरलं. पहिल्यांदा छान झालं, टणटणीत आवाज. म्हटलं, आणखी थोडं. काठाशी कातडं तपकिरी झालं, वळलं, आणि सुपारी फुटावी तसा आवाज होऊन दोन बोटं लांब चीर गेली. केस जळाल्यासारखा वास घरभर.

मी जमिनीवर बसून राहिले. वाईट कशाचं वाटलं ते लिहून ठेवते, कारण ते अनपेक्षित होतं. आज साडेसातला वाजवता येणार नाही, याचं वाईट वाटलं. चवथीचं काय होणार हे डोक्यात आलं आज सकाळी, बसमध्ये. आणि कोण हसेल हे तर आलंच नाही.

२७ जुलै

काकांनी बाकाखालचं घुमट काढून दिलं. दिराचं. कोळ्याची जाळी पुसली. कातड्यावर जिथे त्याची बोटं पडत, तिथे काळपट गुळगुळीत डाग आहे. उघड्या तोंडाच्या काठाची एक खपली उडालीय; तळवा बरोबर तिथेच बसतो आणि टोचतो. आवाज माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. म्हणजे घुमटाचा.

३१ जुलै

काल रात्री वास्कोला दामोदराच्या सप्ताहाला. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो आणि चोवीस तास भजन अखंड चालतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साथीचा रोग आला, तेव्हा लोक जांबावलीच्या दामोदराला शरण गेले, तिथून आणलेला नारळ इथे ठेवला आणि भजन सुरू केलं, ही कथा इथल्या प्रत्येकाला पाठ. 

रात्री दोनला मी एका पखवाजवाल्याकडे बघत होते. डोळे मिटत होते त्याचे. मान कलली, तसा शेजारच्याने हात पुढे केला, ठेका न मोडता वाद्य सरकवून घेतलं, आणि हा भिंतीला टेकून झोपला. भजन अखंड, माणसं अखंड नव्हेत. मी गेले तीन महिने एकटीने चोवीस तास जागायचा प्रयत्न करत होते बहुधा.

घरी चारला. आज रजा.

४ ऑगस्ट

ऑफिस. माझ्या गटातली एक एजंट, पन्नाशीची, कधीच मिक्सरचं बक्षीस जिंकत नाही, पण नऊ वर्षं तिची एकही पॉलिसी मध्येच बंद पडली नाही. आज पहिल्यांदा विचारलं, तुम्ही कशासाठी करता? ती म्हणाली, “मॅडम, वाड्यावर कुणाचं काही झालं तर मलाच हाक मारतात. कागद मला समजतात ना.” मी तिला इतकी वर्षं ‘टार्गेट गाठत नाही’ या रकान्यात धरलं होतं.

१० ऑगस्ट

सावई. पहिल्यांदा सगळ्यांबरोबर. काका आणि थोरले भावोजी घुमटावर, तेरा वर्षांचा पुतण्या शामेळवर (काठ्यांनी वाजवायचं तालवाद्य), दोन जावा कासाळ्यांवर (मोठ्या झांजा), मी तिसरं घुमट.

एकटीने वाजवणं आणि यात काही नातं नाही. आरती संथ सुरू होते, चरणागणिक चढते, शेवटी पळतेच. स्वयंपाकघरात मीच लय ठरवत होते, त्यामुळे माझी लय कधी चुकलीच नव्हती. इथे तिसऱ्या चरणाला मी मनात आकडे मोजत मागे पडले आणि सगळ्यांच्या ठोक्यांच्या मध्ये माझा एकटीचा ठोका पडला. पुतण्या शामेळवरच्या काठ्या न थांबवता ओरडला, “काकी, मेजूं नाका, आयक!”

मोजू नको, ऐक. दुसऱ्या आरतीत आकडे सोडले आणि फक्त काकांचं घुमट ऐकलं. आठ-दहा ठोके असे पडले की, कुठला काकांचा आणि कुठला माझा कळेना. तेवढेच. पण त्यासाठी परत यावंसं वाटेल असे.

नंतर स्वयंपाकघरात आई विळीवर नारळ खवत बसल्या होत्या. मी अडलेला चरण ओट्यावर बोटांनी घोळवत होते. त्यांनी वर न बघता विळीच्या पाटावर डाव्या हाताने तोच ठेका वाजवला. बरोबर. मी जिथे चुकत होते, तिथे जरा थांबून, दोनदा. मग नारळ फिरवून घेतला.

मी विचारलं, “आई, तुम्ही वाजवणार का यंदा?”

“माका कित्याक? आनी नेवऱ्यो कोण तळटलो?”

२४ ऑगस्ट

आढावा, ऑफिसच्या भाषेत. पाचपैकी तीन आरत्या नीट. चौथीची शेवटची दौड जमत नाही. पाचवीला हात लावलेला नाही. म्हणजे साठ टक्के, आणि साठ टक्क्यांना मी एजंटला चहासुद्धा पाजत नाही.

रडारड नाही वाटत, हे नोंदवते. काकांना सांगितलं, तीनच येतात. ते म्हणाले, मग तीन वाजव, चौथीला कासाळे घे. त्यांना यात निर्णय घेण्यासारखं काही दिसलंच नाही.

यजमान आणि पुतण्या माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या छताचं सामान आणायला कुळागरात आणि मागच्या डोंगरात. कांगलां, सुपारीचा घड, तोरिंगण, माट्टुल्यो. संध्याकाळी सगळे पावसात भिजून, पायाला जळवा घेऊन परत.

२७ ऑगस्ट, खरं म्हणजे २८, पहाटे दीड

आरत्या दहाला सुरू झाल्या. वाड्यावरची माणसं पकडून चाळीसेक. घुमट गळ्यात अडकवलं, तर मानेला दोरी काचली. घरी मी बसून वाजवत होते, हेही लक्षात आलं नव्हतं.

पहिली नीट. दुसरी नीट. तिसऱ्या आरतीत घाम डोळ्यांत गेला, दिसेना, आणि दिसायची गरज नव्हती. उडालेल्या खपलीशी तळवा येत-जात राहिला. चौथी सुरू झाली तेव्हा कासाळे घ्यायला वळले, तर जाऊबाई ते द्यायच्याच नाहीत म्हणून हटून बसल्या. मग वाजवली. शेवटच्या दौडीत सुटलेच, चार-पाच ठोके हवेत गेले, काकांनी भुवई उचलली आणि भावोजींनी जोर वाढवून भोक बुजवलं. पाचवीला पुतण्याने हात पुढे केला, मी घुमट त्याच्या गळ्यात घातलं आणि शामेळ दुसऱ्या पोराकडे गेलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आरतीला वाजवतही नाहीत. गेल्या वर्षी हसणाऱ्यांपैकी दोघं तर बाहेर बाल्कांवात पत्ते खेळत होते, त्यांना कळलंही नसेल. मे महिन्यात हे मला फार लागलं असतं.

दिराचा व्हिडिओ कॉल आला, तिथे संध्याकाळ. म्हणाला, “वहिनी, काठाची खपली टोचते ना? तिथे मेण लावायचं.” मग कॅमेरा माटोळीकडे वळवा म्हणाला आणि बराच वेळ काही बोलला नाही.

आईंनी नेवऱ्यांचं ताट पुढे केलं. “धूं बरो आयलो,” एवढंच म्हणाल्या. तिसरीचा की चौथीचा, ते नाही सांगितलं.

३ सप्टेंबर

पाच दिवसांचा गणपती रविवारी पोचवला. दिराचं घुमट पुसून बाकाखाली परत ठेवलं, काठाला मेण लावून.

आज संध्याकाळी दूध गॅसवर ठेवलं आणि हात पिठाच्या डब्याकडे गेला. डब्यावर काही नव्हतं. झाकणावर बोटं आपटून बघितली. पत्रा नुसता खणखणतो, त्याला डावा हातच नाही. दूध वर यायच्या आत गॅस बंद केला, दोन महिन्यांत पहिल्यांदा वेळेवर.

कुंभाराला फोन केला. मडकं शाबूत आहे, कातडंच गेलंय. चढवून देतो म्हणाला, पण या हवेत सुकायला आठवडा. रविवारी डिचोली. खालच्या गृहस्थांना जिन्यात सांगितलं, पंधरा तारखेपासून पुन्हा साडेसातला. म्हणाले, चवथ झाली ना?